शेवटचं षटक कोण टाकणार?

गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. आयपीएलमधली ही खेळाडूंची अदलाबदल चालते तरी कशी, आणि चेन्नईने जडेजा दिलाच कसा? आज त्याविषयी बोलू.

१५ नोव्हेंबर २०२५ ला मी तंजावर जिल्ह्यात होतो. ओरतनाडूच्या बाजूला एका गावात माझे जुने सुभेदार साहेब राहतात, त्यांच्याकडे मुक्काम होता. (ओरतनाडू म्हणजे सरफोजी राजांनी मुक्तांबांच्या नावाने छत्र बांधलं ते गाव. त्यावर कधीतरी वेगळं बोलेन.) ऐप्पसी महिना संपत आला होता, पाऊस रोजचाच. सांबा भात शेतात उभं, त्यामुळे माणसं सकाळपासून चहाच्या टपरीवर. आणि टपरीवर विषय एकच. संजू सॅमसन राजस्थानकडून चेन्नईला येणार, आणि बदल्यात रवींद्र जडेजा अन् सॅम करन राजस्थानला जाणार. संध्याकाळी दुसरी बातमी आली, मतीशा पतिरानालाही मोकळं केलं.

एक तरुण पोरगा आठ नंबरचा पिवळा शर्ट घालून बसला होता. जडेजाचा नंबर. त्याच्याशी कुणी बोलायला धजत नव्हतं.

आधी नियम समजून घेऊ. आयपीएलमध्ये हंगाम संपला की अदलाबदलीची मुदत सुरू होते आणि लिलावाच्या आठवडाभर आधी ती बंद होते. लिलावानंतर ती पुन्हा काही काळ उघडते. ऐन स्पर्धेत असा व्यवहार होत नाही. खेळाडूची संमती लागते. एकास एक, एकास दोन किंवा नुसते पैसे, असा कसाही सौदा होतो. हार्दिक पंड्या २०२३ मध्ये गुजरातहून मुंबईला आला तो नुसत्या पैशांवर. प्रत्येक संघाच्या खर्चाला वरची मर्यादा असते, २०२६ च्या हंगामासाठी ती १२५ कोटी होती. म्हणून माणसाच्या गुणाइतकंच तो किती पगार घेऊन येतो हेही मोजावं लागतं. सॅमसन १८ कोटींचा, जडेजाही १८ कोटींचा. राजस्थानकडे जाताना जडेजाचा आकडा १४ कोटींवर आला. करन २ कोटी ४० लाखांचा.

गंमत म्हणजे याच जडेजाला २०१० चा सगळा हंगाम बाहेर बसावं लागलं होतं, कारण राजस्थानशी करार असताना त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली होती. आता तो रीतसर मार्गाने राजस्थानातच परतला.

पण टपरीवरचं दुःख पगाराचं नव्हतं. २०२३ च्या अंतिम सामन्याची रात्र तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे. पावसामुळे राखीव दिवशी गेलेला सामना, १५ षटकांत १७१ धावांचं लक्ष्य, मध्यरात्र उलटलेली. शेवटच्या दोन चेंडूंवर १० धावा हव्या होत्या आणि मोहित शर्माला जडेजाने आधी षटकार मग चौकार मारला. त्याच हंगामात हीच मंडळी जडेजा बाद व्हावा म्हणून देवाला साकडं घालत होती, कारण तो गेला की धोनी मैदानात येतो! मी हे म्हटल्यावर दोघे-तिघे हसले. शर्टवाला हसला नाही.

माझ्या मते १५ तारखेला जे झालं त्याचा अर्थ या हळहळीत थोडा हरवला. जडेजा सामना संपवणारा फलंदाज. करन डावखुरा, शेवटची षटकं टाकतो आणि शेवटी बॅटही फिरवतो. पतिराना तर त्याच कामासाठी घडलेला, मलिंगासारखी हात आडवा नेणारी फेक आणि पायात शिरणारा यॉर्कर. म्हणजे शेवटची षटकं सांभाळणारे तीन गडी चेन्नईने एका दिवसात सोडले, आणि बदल्यात घेतला डावाच्या सुरुवातीला खेळणारा फलंदाज.

शेवट सांभाळणाऱ्या माणसाची किंमत काय, हा हिशेब अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी आपल्यापेक्षा फार जास्त केला आहे. त्यांच्याकडे या कामाचं वेगळं पद आहे, क्लोजर. संघ थोड्या फरकाने पुढे असेल तर शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगला तो येतो, पंधरा-वीस चेंडू जीव तोडून फेकतो आणि सामना बंद करतो. तिथे खेळाडूंची अदलाबदल ऐन हंगामात चालते आणि जुलैच्या अखेरीस तिची मुदत संपते. खेळाडूला बहुतेक वेळा कुणी विचारतही नाही. मुदत जवळ आली की विजेतेपदाच्या शर्यतीतले संघ क्लोजरच्या मागे लागतात आणि भाव चढतो.

सुभेदार साहेबांच्या शेजारच्या वयस्कर शेतकऱ्याला मी हे सांगितलं, तर त्याला लगेच कळलं. म्हणाला, ‘हे तर आमचं कापणीचं मशीन झालं.’ कावेरीच्या खोऱ्यात सांबा पोंगलच्या सुमारास कापणीला येतो. ओल्या शेतात चालणारं पट्ट्यांचं हार्वेस्टर मशीन बाहेरून भाड्याने येतं, तासावर पैसे. वर्षभरात त्याचं काम काही तासांचं. पण आभाळ भरून आलं की त्याच तासाचा दर वाढतो आणि तरीही माणूस देतो, कारण सहा महिन्यांचं पीक त्या काही तासांवर उभं असतं.

भाड्याच्या मशीनचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१६ चं. शिकागो कब्ज हा संघ १९०८ नंतर एकदाही जगज्जेता झाला नव्हता. २५ जुलैला त्यांनी न्यूयॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन घेतला. त्याचा करार हंगामाअखेर संपणार होता, म्हणजे माणूस मिळणार तो जेमतेम तीन-साडेतीन महिने. बदल्यात चार खेळाडू दिले, त्यात ग्लेबर टोरेस नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. चॅपमनला त्याच वर्षी घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात ३० सामन्यांची बंदी झाली होती, त्यामुळे अशा माणसासाठी टाळ्या वाजवायच्या का, हाही प्रश्न शिकागोच्या चाहत्यांपुढे होता. माझ्या मते तो हिशेबाच्या वहीत बसत नाही, पण बाजूला टाकण्यासारखाही नाही.

पुढे काय झालं? संघ अंतिम फेरीत पोचला. पाचव्या आणि सहाव्या सामन्यात चॅपमनला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त राबवलं. सातव्या, निर्णायक सामन्यात तो आला तेव्हा शिकागो ६-३ ने पुढे होतं. थकलेल्या हाताने त्याने ती सगळी आघाडी घालवली, ६-६. दहाव्या इनिंगला शिकागो ८-७ ने जिंकलं. १०८ वर्षांनी! त्या हिवाळ्यात चॅपमन परत यांकीजकडे गेला. टोरेस तर तिथेच होता, आणि २०१८ व २०१९ ला तो तिथल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. सौदा फायद्याचा की तोट्याचा? शिकागोत आजही वाद घालतात. मी शिकागोचा असतो तर टोरेस दिलाच असता.

आमच्याकडे लष्करात राखीव तुकडी असते. ती कधी वापरायची यावर कमांडरची परीक्षा होते. आधीच झुंजवली तर ऐनवेळी हाताशी काही उरत नाही. शिकागोने सहाव्या सामन्यात पाच धावांची आघाडी असताना चॅपमनला उतरवलं, ती चूक याच जातीची.

आता क्रिकेटकडे या. बेसबॉलच्या हंगामात १६२ सामने, नऊ इनिंग धरल्या तर १४५८ इनिंग. क्लोजर त्यातल्या साठ-सत्तर टाकतो, शेकडा पाचहून कमी. आपला शेवटच्या षटकांचा गोलंदाज वीसपैकी चार षटकं टाकू शकतो, म्हणजे पाचवा हिस्सा. त्यात २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आल्यावर त्याला दुसऱ्या डावात ताजातवाना आणता येतं. धोनीने त्या वर्षी पतिरानाला बहुतेक शेवटासाठी राखून ठेवलं आणि त्याने १२ सामन्यांत १९ बळी घेतले. आकड्यांनी पाहिलं तर क्रिकेटमधला असा माणूस बेसबॉलमधल्यापेक्षा महागच हवा.

मग चेन्नईने का सोडला? कारण पुढे असाल तरच बंद करणाऱ्याचा उपयोग. २०२५ मध्ये चेन्नई पहिल्यांदाच तळाला, दहाव्या क्रमांकावर राहिली. कर्णधार आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीने अर्ध्यातच बाहेर पडला, वरची फळी धावा करीना. पतिरानाचेही १३ बळी होते, पण षटकामागे दहाहून जास्त धावा देऊन, आणि त्याचा पगार होता १३ कोटी. शेतात पीकच उभं नाही तर मशीन दाराशी बांधून काय करणार? सॅमसन ३१ वर्षांचा, यष्टिरक्षक, आणि धोनी ४४ चा. जडेजा ३७ ला टेकलेला. चेन्नईने केलं ते मला पटतं. फक्त करनसाठी मी आणखी घासाघीस केली असती. तो तरुण आहे आणि स्वस्त होता.

मध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस दितवा वादळाचा पाऊस झाला आणि सांब्याची शेतं पाण्याखाली गेली. तेव्हा सात-आठ दिवस टपरीवर क्रिकेटचा कुणी विषयही काढला नाही. १६ डिसेंबरच्या लिलावाला मात्र सगळे परत जमले. चेन्नईच्या खिशात ४३ कोटी ४० लाख होते. पतिरानाला कोलकात्याने १८ कोटींना उचललं, सोडला त्यापेक्षा पाच कोटी महाग. चेन्नईने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन नवख्या पोरांवर प्रत्येकी १४ कोटी २० लाख लावले. म्हातारा शेतकरी खूश झाला. त्याच्या मते जुनं मशीन विकून बियाणं घेतलं. शर्टवाला म्हणाला, बियाणं उगवेल तेव्हा उगवेल, या एप्रिलला एकोणिसावं षटक कोण टाकणार ते सांगा.

मी नेथन एलिसचं नाव घेतलं. ऑस्ट्रेलियाचा, हळू चेंडू फसवून टाकणारा, चेन्नईने त्याला राखला होता. पोराने मान डोलावली, पण दुसऱ्या दिवशीही शर्ट आठ नंबरचाच होता.