साडेसहा लाख मिश्रधातू आणि एक संगणक

नाशिकच्या भांडी बाजारातली पितळी समई असो की ओझरहून झेपावणारं लढाऊ विमान, खरी करामत मिश्रणाची! कोणत्या धातूत काय आणि किती घालायचं, हे शोधायला आता संगणक मदतीला आलाय. वाचा काही भन्नाट गोष्टी.

मऊ + मऊ = कडक!
तांबं मऊ, कथील त्याहून मऊ. पण ७८ टक्के तांब्यात २२ टक्के कथील घातलं, की होतं टणक, खणखणीत कासं.

१,८०० वर्षांचं काम
४० मूलद्रव्यांतून ५ निवडायची, तर संच होतात नेमके ६,५८,००८! रोज एक संच वितळवून तपासायचा म्हटलं, तर सातवाहनांच्या अखेरच्या काळात सुरुवात करायला हवी होती. प्रमाणं बदलत गेलो, तर यादीला अंतच नाही.

भट्टीआधी गणित
म्हणून आली ‘कॅलफॅड’ पद्धत. धातुशास्त्रज्ञ लॅरी कॉफमन यांनी १९७०च्या सुमारास तिचा पाया घातला. कोणत्या तापमानाला मिश्रणाची कोणती रचना सर्वांत कमी ऊर्जेची, म्हणजेच स्थिर, हे ती आधीच सांगते.

तिसाव्या फेरीत फत्ते
नासाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या ‘जीआरएक्स-८१०’ या मिश्रधातूचं प्रमाण संगणकावरच्या अवघ्या ३० चाचण्यांत गवसलं. सुमारे १,०९० अंश सेल्सिअसलाही तो तग धरतो.

थेट विमानाच्या चाकांपाशी
संगणकावर रचलेलं ‘फेरियम एस-५३’ पोलाद २०१० मध्ये अमेरिकी ‘टी-३८’ विमानाच्या लँडिंग गिअरमध्ये बसून उडालं.

ओझरची भरारी
१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरमधल्या ‘एचएएल’ या विमान कारखान्यात तयार झालेलं पहिलं ‘तेजस मार्क-१ए’ आकाशात झेपावलं. तेजसमध्ये ॲल्युमिनियम-लिथियम मिश्रधातू वापरतात. १ टक्का लिथियम घातलं, की ॲल्युमिनियमची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते आणि ताठपणा ६ टक्क्यांनी वाढतो!

पुणेही मागे नाही
१९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टाटांच्या ‘टीआरडीडीसी’ संशोधन केंद्राने ‘प्रीमॅप’ ही प्रणाली उभारली. धातू आणि त्यापासून बनणारी वस्तू, दोन्हींची आखणी त्यात एकत्र होते.

संगणक लाखांतून मोजके पर्याय निवडून देतो. अखेरचा कौल मात्र भट्टीचाच. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत धातू हाताळणारे कसबी हात आहेत. इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी त्यांना या गणिताची जोड द्यायलाच हवी.