एका पाटीतल्या दोन माकुली

शीव कोळीवाड्याच्या नावात कोळीवाडा टिकून असला, तरी फाळणीनंतर तेथे निर्वासितांची वस्ती वसली आणि समुद्र त्या वस्तीपासून दूर राहिला. मुंबईच्या अशा वस्त्यांतल्या बाजारांत येणारी बरीचशी मासळी आज ससून डॉक आणि भाऊचा धक्का येथे उतरते. त्या मालात ‘माकूल’ या एकाच नावाने, एकाच पाटीतून, दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. एकीचे शास्त्रीय नाव सेपिया फॅराओनिस, दुसरीचे सेपिया ॲक्युलिएटा.

माकूल हा खरे तर मासा नव्हे. शिंपल्या आणि गोगलगायी ज्या मृदुकाय संघात मोडतात, त्यातलाच तो प्राणी आहे. मात्र माकुलीचे कवच अंगाबाहेर नसून पाठीच्या कातडीखाली असते आणि त्यालाच आयुर्वेदात समुद्रफेन म्हणतात. या पांढऱ्या, ठिसूळ फळीत असंख्य बारीक कप्पे असून त्यांतील द्रव आणि वायू यांचे प्रमाण कमीजास्त करून माकूल पाण्यात हवी तेवढी तरंगते.

फॅराओनिसचे पहिले शास्त्रीय वर्णन एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1831 मध्ये केले. तिचा प्रावार, म्हणजे डोके वगळून उरणारे पिशवीसारखे धड, सुमारे 42 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि वजन 5 किलोपर्यंत जाते, तर ॲक्युलिएटाचा प्रावार साधारण 23 सेंटीमीटरवर थांबतो. तथापि केवळ आकारावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण फॅराओनिसचे पिल्लू आणि पूर्ण वाढलेली ॲक्युलिएटा सारख्याच दिसू शकतात. जिवंतपणी फॅराओनिसच्या नराच्या पाठीवर ठळक आडवे पट्टे उमटतात. परंतु बर्फात पडलेल्या मालात हे रंग फिके पडलेले असतात.

खरी खूण संस्पर्शकांवर सापडते. आठ आखूड बाहूंखेरीज माकुलीला भक्ष्य पकडण्यासाठी दोन लांब संस्पर्शक असतात आणि ते एरवी डोळ्यांखालच्या खोबणीत आखडलेले असल्याने बोटाने ओढून बाहेर काढावे लागतात. त्यांच्या रुंद टोकावर चूषक, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, ओळींनी बसलेल्या असतात. ॲक्युलिएटात एका आडव्या ओळीत दहाहून अधिक, बारीक आणि एकसारखे चूषक आढळतात. फॅराओनिसमध्ये ओळीत साधारण आठच असतात आणि मधले काही उठून दिसण्याइतके मोठे असतात. (सेपिएला इनर्मिस ही तिसरी, लहान माकूल मात्र पाठीतल्या कवचावरून ओळखता येते, कारण या दोघींच्या कवचाच्या मागच्या टोकाला असणारा अणकुचीदार काटा तिला नसतो.)

हा भेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेचा नाही. माकुलीचे आयुष्य थोडके असते आणि अंडी घातल्यावर ती बहुधा मरते. त्यामुळे अंडी घालण्यापूर्वीच माद्या पकडल्या गेल्या, तर पुढच्या पिढीचे नुकसान भरून येणे कठीण होते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नारळाच्या पोयी समुद्रात सोडून, त्यांच्याभोवती अंडी घालायला जमणाऱ्या फॅराओनिस पकडण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा हीच चिंता पुढे आली. शिवाय 2011 च्या जनुकीय अभ्यासाने फॅराओनिस हीदेखील एक जात नसून अनेक निकट जातींचा समूह असावा असे दाखवले आहे. दोन्ही माकुली एकाच आकड्यात मोजल्या, तर मोठी जात घटत असतानाही लहान जातीच्या भरवशावर एकूण उत्पादन ठीक दिसू शकते. म्हणून धक्क्यावरच्या नोंदीत दोघींचे रकाने वेगळे असणे आवश्यक आहे.