विश्वासाचा संसार

नशिराबाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो जळगाव-भुसावळ हायवे, केळीचे मळे आणि सिमेंटचा कारखाना. जवळच भादली स्टेशन आहे. मुंबईहून भुसावळकडे धावणाऱ्या मोठ्या गाड्या इथं थांबत नाहीत, त्यामुळे नाव वाचायच्या आत स्टेशन मागे पडतं. याच भादलीला ५ मे १९१८ रोजी रुळांवर त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, गाडीखाली सापडून गेले. वय अवघं सत्तावीस.

बालकवींच्या मृत्यूवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला सांगायचं आहे ते एका घराबद्दल. ठोमरे धरणगावचे, हिंदू, आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. पण त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं ते अहमदनगरच्या एका ख्रिस्ती घरानं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचं ते घर. ओळख झाली तीही खानदेशातच. १९०७ साली जळगावला मराठी कवींचं पहिलं संमेलन भरलं. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांच्या कवितेनं सगळे चकित झाले आणि तिथंच त्यांना 'बालकवी' हे नाव मिळालं. टिळक त्या संमेलनाला होते. पुढं काही वर्षांतच ठोमरे त्यांच्या घरी नगरला राहायला आले, मिशनच्या शाळेत शिकवू लागले. त्यांचं रुसणं, भोळेपणा, आपल्याच तंद्रीत असणं, सगळं लक्ष्मीबाईंनी झेललं आणि नंतर 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात इतक्या मायेनं आणि मिस्कीलपणे लिहून ठेवलं, की वाचणाऱ्याला हसावं की डोळे पुसावे कळत नाही.

या घरात परक्याला जागा होती, ती सहज झालेली नव्हती. तिची किंमत लक्ष्मीबाईंनी आधी मोजली होती.

टिळकांचं धर्मांतर एखाद्या कादंबरीत शोभावं असं. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाशी गप्पा झाल्या, त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. कवी माणूस, मनानं घेतलं आणि उडी मारली. लक्ष्मीबाईंचं तसं नव्हतं. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेल्यातच जमा. कुंकू लावावं तरी बोलणी, न लावावं तरी बोलणी. या काळात पंढरपूरला असताना त्यांच्या हातून कविता उतरू लागली. शाळा कशी असते हे न पाहिलेली बाई. अक्षरओळख झाली ती टिळकांकडूनच.

माहेर कसं होतं ते पाहिल्याशिवाय या बाईची पुढची वाटचाल उमगत नाही. वडील गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरचे. सोवळ्याचं इतकं वेड, की बाजारातून आलेलं धान्यच काय, मीठसुद्धा पाण्यातून काढल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. मीठ धुतलं तर उरणार काय, हा प्रश्न घरात कुणी विचारायचा नाही. आईनं धुवायचं, वाळवायचं आणि गप्प राहायचं. अशा घरातून अकराव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी. तिला मंगळवारी सांगितलं, तुझा नवरा ख्रिस्ती झाला, आणि बुधवारी तिनं वेगळ्या जातीच्या हातचं पाणी प्यावं, असं घडणं शक्यच नव्हतं.

जवळजवळ पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत आल्या, त्या आपलं सोवळं बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं, देव वेगळे. टिळकांचं मोठेपण इथं दिसतं: त्यांनी बायकोच्या सोवळ्याला धक्का लावला नाही, घाई केली नाही. चळवळ्या आणि तापट माणसाला हे सोपं गेलं नसणार. आणि मग एके दिवशी, कुणाचंही प्रवचन न ऐकता, लक्ष्मीबाईंचा स्वतःशीच झगडा झाला. पशुपक्ष्यांच्या जाती पाहिल्याबरोबर वेगळ्या कळतात. माणसांच्या कशा कळत नाहीत? मग त्या देवानं केल्या नसणार, माणसानंच केल्या असणार. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

ख्रिस्ती साक्षींमध्ये क्षणात पालटलेल्या माणसांचं कौतुक जास्त होतं. दमिष्काच्या वाटेवरचा पौल सगळ्यांना पाठ. पण मराठी मुलखात विश्वास टिकला तो बहुतेक लक्ष्मीबाईंच्या चालीनं, असं मला वाटतं. स्वयंपाकघरातून, हंड्याकळशीवरून, एकेक पाऊल.

बाप्तिस्म्यानंतर सुख लागलं, असंही नाही. ते साल संवत छप्पन्नच्या दुष्काळाचं. टिळकांच्या घरी अनाथ पोरं येऊ लागली. आपल्या घरात उद्याचं पीठ आहे की नाही याची चौकशी टिळक कधी करायचे नाहीत. हातात आलेले पैसे संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी हातात गेलेले असायचे. अशा संताशी संसार करणं ही वेगळीच परीक्षा. लक्ष्मीबाई भांडायच्या, चिडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरांच्या डोक्यातल्या उवा काढायला बसायच्या. प्लेगच्या साथीत ज्या घरात शिरायला माणसं भीत होती तिथं त्या रोग्यांच्या उशाशी गेल्या. याकोबाच्या पत्रात विश्वासाची पारख होऊन धीर निपजतो असं म्हटलं आहे. लक्ष्मीबाईंच्या ठायी मात्र धीराबरोबर हसूही निपजलं. आपली फजिती सांगताना त्या जितक्या रंगतात तितक्या आपल्या पुण्याईबद्दल बोलताना कधीच रंगत नाहीत.

मग दोन वर्षांत तीन घाव बसले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. म्हातारपणी पगार गेला. पुढच्या वर्षी भादलीची बातमी आली. त्यानंतर वर्षाच्या आतबाहेर, ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. बालकवी आणि टिळक, दोघंही मे महिन्यातच गेले. मेमधलं खानदेशी ऊन ज्यानं सोसलं आहे त्याला भादलीच्या त्या रुळांचा चटका वेगळा सांगायला नको.

पन्नाशीतल्या लक्ष्मीबाई उठल्या आणि मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली. पुढं त्या कराचीलाही राहिल्या. टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन' नावानं. दहाएक अध्यायांपाशी लेखणी थांबली होती. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लहानपणी मीठ धुतलेलं पाहिलेल्या बाईनं.

बालकवींच्या खानदेशात आज ख्रिस्ती वस्ती थोडी, पण वेगवेगळ्या वाटांनी आलेली. भुसावळला रेल्वेनं आणलेली अँग्लो-इंडियन कुटुंबं. धुळे-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन मिशननं गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून केलेलं काम. नवापूर-चिंचपाड्याकडची मावची-गावीत मंडळी, तिथलं ख्रिस्ती हॉस्पिटल. त्यांच्या रोजच्या अडचणी टिळकांच्या घरापेक्षा वेगळ्या. एक तर थेट कायद्यातली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा तो दर्जा जातो. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला, ख्रिस्ती लोकांना नाही. आदिवासींचं तसं नाही, त्यांचा दर्जा धर्म बदलल्यानं जात नाही. म्हणजे एकाच उपासनेला शेजारी बसलेल्या दोघांच्या पोरांना कॉलेजच्या प्रवेशाला वेगळे कागद लागतात. देवापुढे जात नाही म्हणून बाप्तिस्मा घ्यायचा आणि दाखल्यासाठी तीच जात आठवायची, हा पेच लक्ष्मीबाईंनी पाहिला नव्हता. पाहिला असता तर तिखट काहीतरी लिहिलं असतं.

रविवारी मात्र ही सगळी मंडळी टिळकांचीच भजनं म्हणतात. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांची गीतं मोठ्या संख्येनं आहेत. म्हणणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं, की या कवीच्या घरी राहिलेला पोरगा भादलीला गेला. 'स्मृतिचित्रे' घरात नसेल तर या दिवाळीत आणा. आणि पहिल्यांदा वाचणार असाल तर धर्मांतराच्या प्रकरणाकडे उडी न मारता वडिलांच्या सोवळ्यापासूनच वाचायला घ्या.