माजी सैनिकांच्या सेवा-अभिलेखातील पदकांच्या नोंदी

सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेल्या जवानाच्या घरी भिंतीवरील चौकटीत पदके लावलेली असतात आणि त्याच जवानाच्या डिस्चार्ज बुकात मात्र पदकांच्या रकान्यात त्यांपैकी एखादे आढळत नाही, असे अनेक वेळा घडते. कधी याच्या उलट असते. पदक कधी हाती पडलेलेच नसते. पण ज्या मोहिमेसाठी ते मिळावयाचे त्या मोहिमेत आपण होतो हे जवानाला पक्के ठाऊक असते. सैन्यात असेपर्यंत या उणिवेकडे फारसे लक्ष जात नाही. निवृत्तीनंतर, आणि विशेषतः जवानाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीस एखाद्या हक्कासाठी अर्ज करावा लागतो तेव्हा, कोरा राहिलेला रकाना अडचणीचा ठरतो. कारण कोणतेही कार्यालय छातीवरची फीत पाहून निर्णय देत नाही. ते नोंद पाहून निर्णय देते.

प्रश्न केवळ मानाचा नाही. शौर्यपदकांना केंद्र शासनाचा मासिक भत्ता जोडलेला आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून हे भत्ते दुप्पट करण्यात आले. त्यानुसार परमवीर चक्रासाठी दरमहा २०,००० रुपये, अशोक चक्रासाठी १२,०००, महावीर चक्रासाठी १०,०००, कीर्ती चक्रासाठी ९,०००, वीर चक्रासाठी ७,०००, शौर्य चक्रासाठी ६,००० आणि शौर्याबद्दलच्या सेना, नौसेना व वायुसेना मेडलसाठी २,००० रुपये असे दर ठरले. पदकधारकाच्या पश्चात हा भत्ता त्याच्या पत्नीकडे जातो. राज्य शासनाकडून शौर्यपदकधारकांना मिळणारे अनुदान यावेगळे. या सर्वांचा आधार एकच, तो म्हणजे अभिलेखातील नोंद.

पदक देणे आणि पदकाची नोंद करणे

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण बहुतेक निष्फळ अर्ज तो न समजल्यामुळे लिहिले जातात. अभिलेख दुरुस्त करणे म्हणजे नवे पदक देणे नव्हे. जे पूर्वीच दिले गेले आहे, किंवा नियमाने ज्याचा हक्क पूर्वीच निर्माण झाला आहे, ते कागदावर आणणे एवढाच दुरुस्तीचा अर्थ होय. ‘लढाईत अमुक पराक्रम केला, तरी पदक मिळाले नाही’ ही तक्रार कितीही खरी असली, तरी ती शिफारशीची बाब आहे. शिफारस त्या वेळी वरिष्ठांनी करावयाची असते. रेकॉर्ड ऑफिसला ती निर्माण करण्याचा अधिकार नाही.

म्हणून राहिलेले पदक कोणत्या प्रकारचे आहे हे प्रथम पाहावे. परमवीर, महावीर व वीर चक्र ही युद्धातील शौर्यपदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. सेना मेडल १९६० मधील. शौर्यपदके राष्ट्रपतींच्या वतीने जाहीर होतात आणि भारताच्या राजपत्रात क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण यांसह प्रसिद्ध होतात. त्यामुळे शौर्यपदकाचा सर्वांत भक्कम पुरावा राजपत्र हा होय. राजपत्रात नाव असेल तर नोंद राहिली ही कार्यालयीन चूक ठरते आणि ती दुरुस्त होण्यास तत्त्वतः कोणतीच अडचण नसते. सेना मेडलच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यावी. हे पदक शौर्याबद्दल दिले जाते, तसेच विशिष्ट सेवेबद्दलही दिले जाते. भत्ता शौर्याच्या पदकाला आहे. डिस्चार्ज बुकात नुसते ‘सेना मेडल’ एवढेच लिहिलेले असेल तर नोंद असूनही अपुरी ठरते व राजपत्र काढून पाहावेच लागते. सेनाध्यक्षांचे प्रशस्तिपत्र हे पदक नव्हे, हेही ध्यानात ठेवलेले बरे. गावात दोन्हींचा सत्कार सारखाच होतो आणि मग अर्जातही दोन्हींची गल्लत होते.

सेवा-पदकांची गोष्ट वेगळी आहे. ती पराक्रमासाठी नसून विशिष्ट काळी, विशिष्ट क्षेत्रात केलेल्या सेवेसाठी असतात व अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास मिळतात. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार व रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार व संग्राम मेडल. यांपैकी दोन्ही स्टार त्या त्या आघाडीवर प्रत्यक्ष सेवा केलेल्यांसाठी, तर संग्राम मेडलची व्याप्ती अधिक. याखेरीज नऊ व वीस वर्षांच्या सेवेची दीर्घसेवा पदके, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ मधील पदक आणि सुवर्णमहोत्सवाचे १९९७ मधील पदक केवळ सेवेच्या तारखांवरून ठरतात. या पदकांसाठी राजपत्रात प्रत्येक जवानाचे नाव शोधणे व्यर्थ आहे. तेथे जवान त्या दिवशी कोठे होता हे दाखवावे लागते.

नोंद हरवते कोठे

जवानाच्या सेवेतील प्रत्येक बदल, मग ती बढती असो, बदली, विवाह, अपत्यजन्म, जखम वा पदक, पलटणीच्या कार्यालयातून ‘पार्ट टू ऑर्डर’ या आदेशाने प्रसिद्ध होतो. तो आदेश रेकॉर्ड ऑफिसकडे जातो व त्यावरून जवानाच्या शीट रोलमध्ये नोंद होते. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक भरले जाते ते या शीट रोलवरून. साखळीतील एक दुवा निखळला की पुढचा कागद कोरा राहतो. डिस्चार्ज बुक तयार करणाऱ्या कारकुनाचा त्यात बहुधा दोष नसतो. त्याच्यापुढे जे आले ते त्याने उतरविले.

एक उदाहरण कल्पून पाहू. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर जमालपूर येथे पहिल्या मराठा पलटणीने मोठी लढाई दिली. त्या लढाईत जखमी झालेला एखादा शिपाई रुग्णालयात गेला, तेथून पलटणीत न परतता प्रशिक्षण केंद्रात रुजू झाला, असे समजा. पुढे पलटणीने पूर्वी स्टारच्या हक्कदारांची यादी केली तेव्हा तो पटावर नव्हता. केंद्राने यादी केली तेव्हा तो युद्धक्षेत्रात नव्हता. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर, आणि शिपाई दोहोंतून वगळलेला. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यास मिळणाऱ्या जखमी पदकाचीही अशीच गत होऊ शकते. या शिपायाला उपयोगी पडतात ते रुग्णालयाचे कागद. कारण जखमेची तारीख व स्थळ त्यांत असते आणि त्यावरून तो आघाडीवर होता हे आपोआप सिद्ध होते.

बढतीमुळेही गोंधळ होतो. जवान नायब सुभेदार झाला की त्याचा मूळ क्रमांक बदलून ‘जेसी’ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळतो. जुन्या क्रमांकावर प्रसिद्ध झालेली पदकाची नोंद नव्या क्रमांकाच्या कागदात उतरली नाही तर ती शोधूनही सापडत नाही. अर्जात दोन्ही क्रमांक लिहिणे म्हणूनच आवश्यक आहे.

नावाचा प्रश्न तर आपल्याकडे फारच जिव्हाळ्याचा. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही आपली रीत. सैन्याच्या कागदात पुष्कळदा दोनच शब्द येतात. त्यात इंग्रजी वर्णलेखनाची भर. दुसऱ्या महायुद्धात ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे शिपाई नामदेव जाधव यांचे आडनावसुद्धा इंग्रजी लिखाणात एकाहून अधिक प्रकारे आढळते. पत्त्यातील जिल्ह्याचेही तेच. १९८१ पूर्वी भरती झालेल्या कणकवलीच्या जवानाचा जिल्हा कागदावर रत्नागिरी असतो आणि महाडच्या जवानाचा कुलाबा. आजच्या कागदांशी तो जुळत नाही म्हणून अर्ज परत आणणे हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार होय. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र आणि जिल्हाबदलाचा स्पष्ट उल्लेख जोडला म्हणजे काम भागते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी साहाय्य करावे ते मुख्यतः येथे.

अर्ज कोठे व कसा

जवान व जेसीओ यांचे अभिलेख त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावी, महार रेजिमेंटचे सागर, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकी, तोफखान्याचे नाशिक रोड, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठी, तर चिलखती दलाचे पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर येथे. नौसैनिकांचे अभिलेख मुंबईत मानखुर्दच्या चित्ता कॅम्पमधील नौसैनिक ब्युरोकडे व वायुसैनिकांचे दिल्लीत सुब्रतो पार्क येथे असतात. अर्ज थेट करता येतो; तथापि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठविणे सोयीचे, कारण तेथे जवानाची नोंदणी असते आणि पत्रव्यवहाराचा मागोवा घेता येतो.

अर्ज छोटा असावा. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, भरती व निवृत्तीच्या तारखा, राहिलेल्या पदकाचे नेमके नाव, आणि त्या पदकाच्या काळात आपण कोणत्या पलटणीत व कोठे होतो, एवढे पुरे. युद्धाचे वर्णन लिहू नये. रेकॉर्ड ऑफिसला त्याचा उपयोग नसतो व मुख्य मुद्दा त्यात बुडून जातो. पदक हाती असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक व नाव जशाच्या तसे उतरवून द्यावे. बाजारात विकत मिळणाऱ्या प्रतिकृतीला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही. डिस्चार्ज बुक दुरुस्तीसाठी मूळ स्वरूपात मागविले गेल्यास त्याच्या प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत घरी ठेवावी आणि मगच ते नोंदणीकृत टपालाने धाडावे. पडताळणीत हक्क सिद्ध झाला की प्रथम मूळ अभिलेखात व त्यानंतर डिस्चार्ज बुकात दुरुस्ती होते. शौर्यपदकाचा भत्ता राहिला असेल तर प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयाकडून त्याबाबतचा आदेश निघणे ही त्यापुढची पायरी.

विलंब सर्वांत घातक. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या जवानांची सेवेची कागदपत्रे नियमानुसार २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. उरतो तो केवळ लाँग रोल, ज्यात त्रोटक माहिती असते. १९७१ चा ज्या जवानाला निवृत्तिवेतन नाही त्याचे शीट रोल आज मिळण्याची आशा धरू नये. कागद नाहीसे झाल्यावर काय करता येते याचा मोठा अनुभव अमेरिकेला आला. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई येथील सैनिकी अभिलेखागाराला लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेही नव्हत्या. तेव्हा वेतनपत्रके व इतर कार्यालयांत उरलेले कागद जुळवून सेवेचा इतिहास पुन्हा उभा करण्याची पद्धत तेथे रूढ झाली. आपल्याकडील जवानालाही हाच मार्ग मोकळा आहे. जुनी वेतनपुस्तिका, रजेचा पास, रुग्णालयाचा कागद, पलटणीचे पत्र, यांतील काहीही तारखेसह सापडले तर ते जपून ठेवावे.

मागणी नाकारली गेल्यास नकाराचे कारण लेखी मागावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये स्वतःच्या अभिलेखाच्या प्रतीही मागता येतात, आणि पुष्कळदा प्रत हाती आल्यावरच चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते उमगते. त्यानंतरही वाद राहिला तर २००७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत तेथे अर्ज करावयाचा असतो, म्हणून नकाराचे पत्र ज्या दिवशी मिळाले तो दिवस पाकिटासह जपून ठेवावा.