विजेचे स्वर आणि त्यांचा पडसाद

कोलकात्याच्या पूर्वेस, राजारहाटच्या भातशेतांच्या व तळ्यांच्या जमिनीवर या शतकात न्यू टाउन नावाचे नवे नगर उभे राहिले. रुंद रस्ते, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि रवींद्रनाथ व नझरुल यांच्या नावांची दोन सांस्कृतिक केंद्रे असे त्याचे आजचे रूप आहे. तेथून पश्चिमेस काही मैलांवर डमडम लागते. भारतात ध्वनिमुद्रिका घराघरांत पोहोचविणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना या डमडमलाच होता. आज न्यू टाउनमधील एखादा संगणक अभियंता रात्री कामावरून परतून, कानाला श्रवणयंत्रे लावून, हातभर लांबीच्या स्वरपट्टीवर विजेचे संगीत जुळवीत बसतो तेव्हा आपण काही अगदी परदेशी उद्योग करीत आहोत, अशी त्याची समजूत असण्याचा संभव आहे. ही समजूत मात्र पुरती खरी नाही. या संगीताचा एक विलक्षण प्रयोग १९८२ साली ग्रामोफोन कंपनीच्याच मुद्रिकेवर निघाला होता, आणि तो करणारा वादक मुंबईचा होता.

त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी हे संगीत निर्माण कसे होते ते पाहावयास हवे. सतारीत तार कंप पावते, बासरीत हवेचा स्तंभ कंप पावतो. सिंथेसायझरमध्ये, म्हणजे स्वरसंयोजक यंत्रात, वाजणारी वस्तूच नसते. तेथे विजेचा दाब ठरावीक वेगाने कमीजास्त होत राहतो आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा त्या चढउताराबरहुकूम हालतो. सेकंदास २४० आंदोलने झाली की पांढरी एकच्या आसपासचा षड्ज ऐकू येतो. ती दुप्पट केली की तार षड्ज. या आंदोलनांचा आकार करवतीच्या दात्यांसारखा ठेवला तर स्वर भरदार व किंचित कर्कश होतो, कारण त्यात मूळ स्वराबरोबर त्याचे सगळे उपस्वर हजर असतात. मग त्या स्वरापुढे एक गाळणी बसवितात. ती वरचे उपस्वर अडविते आणि आपण फिरविलेल्या खुंटीप्रमाणे कमी किंवा जास्त उपस्वरांना वाट देते. गाळणीच्या सीमेवरचा उपस्वर मुद्दाम उठावदार करण्याचीही सोय असते. ती वापरून खुंटी सावकाश फिरविली की एकाच स्वरातून निरनिराळे उपस्वर एकापाठोपाठ एक चमकून जातात.

तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून पाहिलेल्या कोणासही हा अनुभव अपरिचित वाटणार नाही. तंबोऱ्याचे हे वैशिष्ट्य प्रयोगशाळेत प्रथम तपासले गेले तेही कोलकात्यातच. बहुबाजार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेत काम करीत असताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर ज्या उपस्वराची तार निश्चल राहते तो उपस्वर उमटू नये, असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी सांगितलेला नियम आहे. रुंद घोडीच्या व दोऱ्याच्या करामतीमुळे तंबोरा तो पाळीत नाही, असे रामन यांना आढळले. उपस्वरांचा हा ऐवज आपल्या कारागिरांनी हाताने साधला होता. अमेरिकेतील रॉबर्ट मोग यांनी १९६४ च्या सुमारास तो विजेच्या दाबाच्या ताब्यात दिला.

मोग यांच्या योजनेतील मर्म पुढे उपयोगी पडणारे आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे. त्यांनी एक व्होल्ट दाब म्हणजे एक सप्तक असे प्रमाण ठरविले. दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढतो, एकबारांश व्होल्टने वाढला की अर्ध्या स्वराने. पण दाब कितीही सूक्ष्म प्रमाणात बदलता येतो. यंत्राला बाराच स्वर माहीत असतात असे मुळीच नाही. बारा स्वरांचे बंधन घालते ती पुढे जोडलेली पट्टी.

आता क्रमयंत्राकडे वळू. त्याला सिक्वेन्सर म्हणतात. तबलजी एकल वादन करतो तेव्हा सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरलेला असतो. सोळा मात्रांची एक छोटीशी सुरावट, पुन्हा पुन्हा, जराही न बदलता. लेहरा धरणारा म्हणजे तालाचे जिवंत घड्याळच. क्रमयंत्र हेच काम करते. सोळा घरांची एक ओळ असते; प्रत्येक घरात एक स्वर लिहून ठेवावयाचा किंवा ते रिकामे सोडावयाचे. यंत्र पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत जाते आणि पुन्हा पहिल्यावर येते. भूप रागाचे उदाहरण घेऊ. सा, विराम, ग, रे. सा, मंद्र ध, सा, रे. ग, विराम, प, ग. रे, विराम, सा, विराम. ही सोळा घरे झाली. पाश्चात्त्यांनी सोळाचा आकडा चार ठोक्यांचे चार भाग करून गाठला, त्रितालाशी त्याचा काही संबंध नाही; पण आपल्या कानाला तो आपलाच वाटतो. लेहरा धरणारा मात्र तबलजीच्या तोंडाकडे पाहून लय किंचित सैल किंवा घट्ट करतो. यंत्राला तोंड पाहता येत नाही.

मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बेस गिटार व स्वरपट्टीची वाद्ये वाजवीत. चित्रपटसृष्टीला विजेच्या वाद्यांचे वावडे कधीच नव्हते. १९५४ च्या ‘नागिन’मधील सुप्रसिद्ध बीन ही पुंगी नव्हतीच. बंगालचे हेमंतकुमार संगीत दिग्दर्शक होते आणि पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या कल्याणजींनी ते सूर क्लॅव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर काढले होते. चरणजित सिंगांनी सिंगापूरहून जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे आणली: जुपिटर आठ हा सिंथेसायझर, आठशे आठ क्रमांकाचे तालयंत्र आणि तीनशे तीन क्रमांकाचे बेसयंत्र. शेवटची दोन यंत्रे एका तारेने जोडता येत, म्हणजे तालयंत्राच्या ठोक्यांबरोबर बेसयंत्राची सुरावट आपोआप चाले. या जुळणीवर त्यांनी दहा राग बसविले. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. ताल डिस्कोचा, बेस यंत्राचा, आणि रागाची सुरावट जुपिटरवर हाताने वाजविलेली.

मुद्रिका खपली नाही. डिस्कोच्या शौकिनांना त्यात गाणे सापडले नाही आणि रागसंगीताचे रसिक तिच्या नावानेच बिचकले असावेत. तीनशे तीन हे यंत्रही बाजारात पडले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून ते काढले होते. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि त्यात स्वर एकदा व कालमान वेगळ्याने भरावे लागत असल्याने ते चालविणे किचकट होते. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग शिकागोतील तरुणांना ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली. त्यांनी गाळणीची खुंटी बेदरकारपणे फिरवून एक नवाच नाद काढला आणि १९८७ मध्ये त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. पुढे २००२ साली एका डच संग्राहकाला चरणजित सिंगांची मुद्रिका दिल्लीत हाती लागली; २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली आणि हे संगीत शिकागोच्या आधी मुंबईत जन्मले, अशी हाकाटी झाली. सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंगांना युरोपातील रंगमंचांवर बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

ही हाकाटी तारतम्याने घ्यावयास हवी. ज्या मुद्रिकेचा शिकागोत कोणाला पत्ताच नव्हता ती तेथील संगीताची जननी ठरू शकत नाही. साम्य आले ते एकाच यंत्रातून. पण चरणजित सिंगांचे श्रेय याहून वेगळे व अधिक मोलाचे आहे. तीनशे तीनमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक कळ आहे. इतरांना ती गंमत वाटली. रागाशी परिचय असलेल्या माणसाला तीत मींड दिसली. मात्र यंत्राच्या घसरणीचा काळ सदा एकच असतो. तोडीतील गंधार किती रेंगाळत घ्यावा हे गवई ठरवितो, यंत्र ठरवू देत नाही. म्हणूनच बेस यंत्राकडे सोपवून रागाचे मुख्य काम त्यांनी हाताकडे ठेवले, हे योग्यच झाले.

हा प्रश्न आकाशवाणीला जुना आहे. मार्च १९४० मध्ये तिने पेटीला बंदी केली होती. पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिले होते, आणि खुद्द रवींद्रनाथांनी त्याच वर्षी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी हटविण्याचा पुरस्कार केला होता. आक्षेप बिनतोड होता: पेटीचे स्वर ठोकून बसविलेले असतात. भुपातील गंधार तंबोऱ्याशी मिळवून लावला तर तो पेटीच्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने उतरा येतो. १९७१ नंतर ती बंदी सैल होत गेली. आता सिंथेसायझरविरुद्ध हाच आक्षेप सरसकट घेतला जातो. तो पट्टीला लागू आहे, वाद्याला नाही. एक व्होल्टचे बारा भाग करावेत की बावीस, हे वाजविणाऱ्याच्या हाती आहे, आणि आजच्या संगणकी वाद्यांत तर प्रत्येक स्वर वेगळा मिळविता येतो. न्यू टाउनच्या तरुणाने पहिली खुंटी फिरवावी ती या मिळवणीची. बहुतेक जण ती शेवटपर्यंत फिरवीत नाहीत.

राहिला पडसाद. विजापूरच्या गोल घुमटात उच्चारलेला शब्द पुनःपुन्हा परत येतो. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यावयास त्याला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक वेळ लागतो. संगीतकाराला एवढा घुमट बांधता येत नाही, म्हणून पूर्वी चुंबकीय फीत वापरीत. एका टोकाला ध्वनी मुद्रित करावयाचा व फीत पुढे सरकून दुसऱ्या टोकाला आली की ऐकावयाचा. दोन टोकांतील अंतर किंवा फितीचा वेग बदलला की पडसादाचा काळ बदलतो. संगणकात तेच काम स्मृतीतील आकड्यांची रांग करते. परत आलेला ध्वनी पुन्हा आत सोडला की पडसादाचे पडसाद उठतात. दर खेपेस साठ टक्के ध्वनी परत सोडला तर दुसऱ्या खेपेला छत्तीस टक्के उरतो, तिसऱ्या खेपेला सुमारे बावीस. शंभराच्या वर गेल्यास आवाज वाढत वाढत किंचाळी होते.

पडसादाचा काळ लयीशी बांधलेला असावा लागतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि त्याचा चौथा भाग, म्हणजे क्रमयंत्राचे एक घर, सेकंदाचा आठवा हिस्सा. पडसाद तीन घरांनी, म्हणजे ०.३७५ सेकंदाने उशिरा ठेवला, तर वरच्या भुपाच्या ओळीत तिसऱ्या घरातील गंधार सहाव्या घरातील मंद्र धैवतावर येऊन पडतो आणि पहिल्या घरातील षड्ज चौथ्यातील ऋषभावर. चारांच्या चालीत तिनांची चाल गुंफली जाते व एका बोटाने लिहिलेली ओळ दोन वादकांची वाटू लागते. १९७७ मध्ये जॉर्जिओ मोरोडेर यांनी ‘आय फील लव्ह’ या गाण्यात असाच उशिरा येणारा बेस मूळ बेसच्या खाचांत बसविला होता. त्या गाण्याचा धावता भास बव्हंशी त्यातून येतो.

पण रागाच्या दृष्टीने येथेच खरी अडचण आहे. आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात; एकाच वेळी वाजत राहतो तो तंबोरा. पडसाद मागचा स्वर पुढच्यावर आणून बसवितो, म्हणजे नकळत स्वरमेळ करतो. भुपात हे खपून जाते, कारण त्याचे पाचही स्वर एकमेकांवर पडले तरी फारसे बोचत नाहीत. तोडीत षड्जावर कोमल ऋषभाचा पडसाद आला की कान टवकारतात. ललतात तर दोन्ही मध्यम पाठोपाठ घेण्यातच रागाचे सगळे सौंदर्य आहे. लांब पडसादात ते एकदम वाजतात आणि दोहोंतील अंतराची जागाच बुजते. अशा रागांत पडसाद सबंध सुरावटीला न देता फक्त षड्जपंचमाला द्यावा, किंवा सुरावटीला तो तिच्या विश्रांतीच्या घरांतच ऐकू येईल इतका आखूड ठेवावा. फितीच्या जुन्या यंत्रांत दर खेपेस वरचे उपस्वर झिजून पडसाद मऊ होत जाई. संगणकाचा पडसाद मूळ स्वराइतकाच धारदार राहतो. तेव्हा परतीच्या वाटेवर एक गाळणी बसवून तो मुद्दाम बोथट करावा लागतो. दुसरा मध्यम मग पहिल्याच्या पाठीवर न बसता त्याच्या मागून, अंधुकसा, ऐकू येतो.