गळ्यातला चाकू घेताना आधी दोरी पाहा

कापडाच्या पेढीवर दिवसातून किती वेळा चाकू लागतो, हे आपण कधी मोजले आहे काय? आम्ही एके दिवशी मोजले. गाठीची सुतळी कापणे, तरटाचे टाके उसवणे, प्लास्टिकची पट्टी तोडणे, पार्सल उघडणे, ताक्याचा दोरा कापणे असे दुपारपर्यंतच चाळीसच्या वर प्रसंग झाले. त्यातल्या निम्म्या वेळा चाकू जागेवर नव्हता. कोणी दाताने दोरा तोडला, कोणी दाढीचे पाते वापरले, कोणी गल्ल्यावरची कात्री नेली ती परत आणलीच नाही. त्याच आठवड्यात आमच्या एका माणसाने दाढीच्या पात्याने तरट उसवताना आतल्या तीन साड्यांना चीर पाडली. माल परत घेण्यासारखा राहिला नाही. नुकसान आम्हीच सोसले.

यावर एक साधा उपाय आहे. लहान, हलका चाकू म्यानासह गळ्यात अडकवायचा. इंग्रजीत त्याला नेक नाइफ म्हणतात. परदेशात शिकारी, मच्छीमार आणि गोदामातली माणसे तो वापरतात. आता आपल्याकडेही तो विकत मिळतो. दोन्ही हात कामात असले तरी चाकू छातीवरच असतो. शोधावा लागत नाही आणि हरवतही नाही. मात्र ही वस्तू गळ्यात असते, ही गोष्ट विसरून चालत नाही. चाकू चुकीचा निघाला तर फार तर माल कापला जाईल. दोरी चुकीची निघाली तर माणूस जाईल. म्हणून आम्ही दोरीपासून सुरुवात करतो.

दोरी तुटली पाहिजे

बाजारात अशा चाकूसोबत बहुधा पॅराशूटची दोरी येते. विकणारा ती ओढून दाखवतो आणि म्हणतो, "शेठ, हत्ती बांधला तरी तुटणार नाही." हीच तिची मोठी खोट आहे. ही दोरी सहसा ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो वजन सहन करणारी असते. ती मागाच्या शाफ्टमध्ये, पट्ट्यात, लिफ्टच्या जाळीत किंवा टेम्पोच्या फळक्यात अडकली, तर ती तुटणार नाही. मान आधी जाईल.

यंत्रमागावर काम करणाऱ्या एका पोराच्या गळ्यातला दोरा आम्ही डोळ्यांदेखत शाफ्टवर गुंडाळलेला पाहिला आहे. दोरा सुताचा, जुना आणि कुजका होता. तो तुटला म्हणून पोरगा वाचला. मानेवर लाल वळ उठला, तो महिनाभर होता. त्या दिवशी नायलॉनची दोरी असती तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

तेव्हा दोरी अशी असावी की झटका बसताच सुटेल. यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, ओढल्यावर उघडणारी प्लास्टिकची चाप. ओळखपत्राच्या काही फितींना मानेमागे ती असते. दुसरा, बारीक मण्यांची साखळी. तिचा जोड जोराचा ताण आल्यावर निसटतो. तिसरा आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोरीची दोन टोके गाठ मारून न जोडता साध्या शिलाईच्या दोऱ्याच्या तीन-चार वेढ्यांनी बांधणे.

यांपैकी काहीही केले तरी पारख करूनच वापरावे. दोरी खिळ्याला अडकवा, खाली बादली टांगा आणि तिच्यात हळूहळू पाणी ओता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बादलीच्या वजनासह पाच-सहा किलोंच्या आत दोरी सुटली पाहिजे. न सुटली तर एक वेढा कमी करा आणि पुन्हा पाहा. एवढे केल्यानंतरही चालत्या यंत्राजवळ जाताना चाकू गळ्यातून काढून ठेवावा. यात सवलत नाही. शिडीवर चढताना आणि मोटारसायकलवर बसतानाही तो काढावा. तोंडावर पडलो तर छातीखाली म्यान येते.

वजन कुठे लपते

गळ्यात दहा तास वागवायची वस्तू जड असेल तर चौथ्या दिवशी ती खुंटीवर जाते. आमचा हिशेब असा आहे की चाकू, म्यान आणि दोरी मिळून वजन १०० ग्रॅमच्या आत असावे. जुन्या मापाने म्हणायचे तर पावणेदोन छटाकांहून जास्त नको.

वजन वाढते ते मुख्यतः जाडीमुळे. पोलादाच्या एका घन सेंटीमीटरचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या वर भरते. सहा इंच लांब, पाऊण इंच रुंद आणि ३ मि.मी. जाड अशी पट्टी घेतली तर ती सुमारे ६८ ग्रॅम होते. तीच पट्टी ४ मि.मी. जाड घेतली तर ९० ग्रॅमच्या वर जाते. धार घासल्यावर आणि मुठीला भोके पाडल्यावर काही वजन कमी होते. म्हणून मुठीत मोठी भोके असलेला चाकू पाहून "यात माल कमी दिला" असे समजू नये. ती भोके वजन कमी करण्यासाठीच असतात. सुतळी आणि तरट कापायला अडीच ते तीन मि.मी. जाडी भरपूर झाली. जाड पाते दिसायला भारदस्त असते, पण कापडात नीट शिरत नाही.

पात्याची लांबी दोन ते अडीच इंच पुरे. मूठ मात्र इतकी हवी की निदान तीन बोटे पक्की बसावीत. लोखंडी पट्टीची उघडी मूठ घामाने निसटते. तिच्यावर बारीक दोरी आवळून गुंडाळली की पकड येते.

टोक आणि धार

कापडवाल्याने टोकदार चाकू घेऊ नये. तरट उसवताना टोकच आत शिरते आणि पहिला ताका कापते. धार सरळ असावी आणि पाठ पुढे उतरत येऊन टोक बोथट झालेले असावे. असे पाते तरटाखाली सरकवून वर उचलता येते आणि माल सुरक्षित राहतो. आकडीसारखे वळलेले पाते मिळाले तर सुतळी आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी ते आणखी चांगले. गाठीवरची लोखंडी पट्टी मात्र चाकूने कधीही तोडू नये. त्यासाठी पत्रा कापायची कात्री वापरावी आणि तोंड बाजूला ठेवावे, कारण ताणलेली पट्टी सुटताच चाबकासारखी उसळते.

काही जण म्हणतील, मग तुकडे मोडायचा कटर काय वाईट? वाईट मुळीच नाही. १९५६ साली जपानमध्ये योशियो ओकादा या कागद कापणाऱ्या कारागिराने तो शोधला. चांभार फुटलेल्या काचेच्या ताज्या कडेने तळ खरवडतात आणि चॉकलेटची वडी खुणांवर मोडते, या दोन गोष्टींवरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. कारागिराच्या डोळ्यांना काय दिसते, याचा हा चांगला नमुना आहे. पण कटरचे पाते पातळ असते. तरटाच्या जाड टाक्यात तिरके पडले की ते मोडते आणि तुकडा मालात जातो. कागद आणि खोके यांसाठी कटर, गाठीसाठी चाकू, अशी वाटणी आम्ही केली आहे.

पोलाद आणि घाम

अंगावरच्या चाकूला सर्वांत मोठा शत्रू घाम. घामात मीठ असते, त्यामुळे साधे पोलाद दोन दिवसांत तांबूस डाग धरते. हा डाग पांढऱ्या कापडाला लागला तर तो ताका गेला असे समजा. म्हणून कापडाच्या धंद्यात स्टेनलेस पोलाद बरे. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, ही भांड्यांच्या बाजारातली पारख चाकूला लागू पडत नाही. धार टिकवणारे, पाणी दिलेले स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतेच. उलट जे चिकटत नाही ते बहुधा भांड्याचे नरम पोलाद असते आणि त्याची धार टिकत नाही.

आपल्या कारागिरांनी बनवलेला चाकू घ्यायचा असेल तर गाडीच्या कमानीच्या पाट्याचे पोलाद चांगले असते. मेरठचे कात्री-कारागीर जुन्या गाड्यांच्या भंगारातूनच कात्र्या घडवत आले आहेत. त्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक निशाणीचा दर्जा मिळाला. मात्र हे पोलाद गंजते. रोज संध्याकाळी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवावा. चाकावर धार लावून घेताना पाते निळे पडू देऊ नये. निळे पडले म्हणजे पाणी उतरले, मग धार टिकत नाही.

म्यान कातड्याचे दिसते सुंदर, पण ते घाम शोषते आणि पाते आतून गंजते. गरम करून पात्याभोवती दाबलेले कडक प्लास्टिकचे म्यान चांगले. चाकू गळ्यात उलटा, मूठ खाली करून लटकतो. म्हणून विकत घेताना म्यान उलटे धरून दहा वेळा जोरात हलवावे. एकदा जरी चाकू निसटला तर तो घेऊ नये. ओणवे झाल्यावर तो पायावरच पडणार.

दुकानाबाहेर नको

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे आपला अडीच इंची चाकू या मापात येत नाही. पण एवढ्यावर बेफिकीर राहू नये. १९५१ च्या महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलिसांचे मनाई हुकूम निघतात. अशा हुकमात चाकू आणि लाठ्याकाठ्या बाळगायला बंदी घालता येते. तेथे इंच मोजत बसत नाहीत.

सणाच्या दिवसांत आमच्या ओळखीचा एक पोरगा गोदामातून घरी निघाला होता. चाकू गळ्यातच राहिला. शर्टाच्या आत म्यान सापडले आणि त्याला दोन तास चौकीत बसावे लागले. मालकाने जाऊन कामाचे सांगितले तेव्हा सुटका झाली. पोरगा सरळ होता, पण शर्टाच्या आत लपलेला चाकू पाहणाऱ्याला काय वाटेल, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ती चूक मालकाची होती, असे आम्ही मानतो.

म्हणून आमच्या पेढीवर दाराच्या आत एक फळी ठोकली आहे. तिच्यावर प्रत्येकाच्या नावाचा खिळा आहे. सकाळी आल्यावर चाकू गळ्यात, तोही शर्टाच्या वर, दिसेल असा. संध्याकाळी निघताना चाकू खिळ्यावर. कुलूप लावण्याआधी खिळे मोजतात. दुधारी, कट्यारीच्या घडणीचा चाकू आम्ही दुकानात येऊच देत नाही. माल पाहायला विमानाने जायचे असेल तर हातातल्या पिशवीतही चाकू राहता कामा नये.

चाकूची किंमत मोठी नाही. एका ताक्याच्या नुकसानीत असे चाकू घेता येतील. आपल्या हाताखाली काम करणाऱ्या पोराच्या गळ्यात आज काय अडकवलेले आहे, ते मालकांनी एकदा स्वतः ओढून पाहावे. सहज सुटले तर ठीक. न सुटले तर आजच कापून टाका.