सनद आणि शिक्का

यंत्राच्या लोखंडाविषयी कोल्हापूरच्या माणसाला जितकी आस्था आहे, तितकी त्या यंत्राने निर्माण केलेल्या वस्तूविषयी नाही, असे म्हटले तर शिवाजी उद्यमनगरातले माझे स्नेही रागावतील. परंतु बाबूराव पेंटर यांनी याच शहरात चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वहस्ते घडवला, ही कथा येथे ज्या अभिमानाने सांगितली जाते, त्याच्या शतांशानेही, १९२० सालचा त्यांचा ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही याची हळहळ कोणाच्या तोंडून ऐकू येत नाही, हेही खोटे नाही.

जुनी संगणक-वर्कस्टेशने जमवण्याच्या माझ्या व्यासंगात हाच भेद पदोपदी आडवा येतो. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतले एखादे जुने ड्रॉइंग ऑफिस रिकामे होते, तेव्हा भंगारवाला पेटी, मॉनिटर, केबली असे सारे वजनावर उचलतो. कपाटातल्या टेप आणि परवान्याचे पिवळे पडलेले कागद मात्र त्याच्या काट्यावर काहीच भरत नसल्यामुळे कचऱ्यात जातात, आणि माझ्यासारख्याला प्रथम धाव घ्यावी लागते ती त्या कचऱ्याकडे.

सध्या माझ्या टेबलावर असलेले यंत्र ‘सन’ कंपनीचे, स्पार्कस्टेशन ५ या जातीचे, म्हणजे १९९४ साली बाजारात आलेले आहे. (१९८२ साली ही कंपनी काढणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, पण एवढ्यावरून तिला आपली म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.) धूळ झाडून, वीजपुरवठ्याच्या पेटीतले गळके कपॅसिटर बदलून ते सुरू केले, की पडद्यावर पहिली तक्रार उमटते ती अशी, की आपण कोण आहोत हे यंत्राला आठवत नाही.

ही विस्मृती अठ्ठावीस पायांच्या एका काळ्या चिपमध्ये आहे. त्या चिपच्या पोटातच लिथियमची बॅटरी रेझिनमध्ये गाडलेली असून, दहा-बारा वर्षांत ती संपली, की घड्याळाबरोबर यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता आणि त्याचा ओळखक्रमांकही पुसला जातो. त्या काळची महागडी आरेखन-सॉफ्टवेअरे या क्रमांकाशी जखडलेली असत. सनद अस्सल, पण तिच्यावरचा शिक्का ओळखणारे दफ्तरच जळाले, तर वतनदाराची जी अवस्था व्हावी, तीच येथे सॉफ्टवेअरची होते. आणि नवी सनद मागावी, तर ती देणारी कचेरी बहुधा उठून गेलेली असते. खुद्द ‘सन’ कंपनीच २०१० साली ओरॅकलमध्ये विलीन झाली.

उपाय नाजूक आहे, पण अशक्य नाही. चिप सॉकेटमधून अलगद काढायची, तिच्या कडेचे रेझिन बारीक कानशीने घासत बॅटरीकडे जाणाऱ्या पत्र्याच्या दोन जिभा उघड्या करायच्या, जुन्या बॅटरीचा संबंध तोडायचा आणि तीन व्होल्टचा साधा बटणसेल बाहेरून सोल्डर करायचा. हे करताना चिपच्या माथ्यावरचे कागदी लेबल जिवापाड जपावे लागते, कारण पत्त्याचे अखेरचे सहा अंक बहुधा त्यावरच छापलेले असतात. आरंभीचे सहा, म्हणजे ०८००२०, ‘सन’च्या यंत्रांना समाईक. मग ‘ओके’ एवढेच म्हणून थांबलेल्या पडद्यावर एकेक बाइट हाताने भरत जायचे, आणि पहिल्या पंधरांवरून काढलेला सोळावा ताळ्याचा बाइट बरोबर जुळला, की यंत्र आपली ओळख निमूटपणे मान्य करते. यास कोणी लबाडी म्हणतात. ज्याचे नाव त्यालाच परत देण्यात लबाडी कसली, हे मला अद्याप उमगलेले नाही.

टेपचे दुखणे निराळे. पाव इंची टेप वाचणाऱ्या ड्राइव्हमधला रबरी रोलर कालांतराने वितळल्यासारखा चिकट होतो, आणि तशात टेप घातली तर तिचा सत्यानाश ठरलेला. असा रोलर घेऊन मी उद्यमनगरात गेलो, तेव्हा लेथवरच्या मिस्त्रींनी तो काय कामाचा हे विचारलेही नाही; बाहेरचा व्यास मोजून, “काका, मायनस किती चालंल?” एवढेच विचारले, आणि नवे रबर चढवून संध्याकाळी हातात दिले. कोल्हापुरात राहून हा उद्योग करण्याचे खरे सुख ते हेच. वाचलेल्या मजकुराच्या मी तीन प्रती ठेवतो, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर त्यांतली एकही तळमजल्यावर नसावी, असा घरात दंडक आहे.

एका ड्रॉइंग ऑफिसच्या कचऱ्यातून आणलेल्या टेपवरचे पंपाच्या कास्टिंगचे एक ड्रॉइंग मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडले, तेव्हा त्या ऑफिसातले जुने ड्राफ्ट्समन मुद्दाम पाहावयास आले होते. कौतुकाचे चार शब्द बोलतील अशा अपेक्षेने मी उभा होतो. त्यांनी चष्मा वर सरकवून पडदा न्याहाळला आणि म्हणाले, “ही आधीची रिव्हिजन हाय. कोअरचं माप नंतर बदललं आम्ही. शेवटची टेप कुठाय?” ती मला मिळालेली नाही, म्हणून तूर्त त्या फाइलच्या नोंदीत त्यांचे म्हणणे, त्यांनी सांगितलेल्या नव्या मापासह, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवले आहे.